बूट हे धावणाऱ्याचे हत्यार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. आम्ही आज धावण्याच्या बुटावर बोलणार आहोत, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य घालवलेल्या माणसाला बुटाचे काय कळणार, असेही कोणाच्या मनात आले असेल. त्याला आमचे उत्तर साधे आहे. कामगाराला हत्याराची पारख असते. फिटर पान्हा हातात घेऊन सांगतो की हा हाताला बसतो, हा बसत नाही. धावणाऱ्याचे हत्यार म्हणजे त्याचा बूट. हत्यार कोणत्या कामाचे, कोणाच्या हातचे आणि किती दिवस टिकणारे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय शहाणा कारागीर पैसे मोजत नाही. हेच तीन प्रश्न बुटाच्या बाबतीत कसे विचारावेत एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

हा विषय चैनीचा नाही. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी पहाटे पाच वाजता राजापेठच्या चौकात येऊन उभे राहावे. उड्डाणपुलाच्या चढावर, दसरा मैदानावर, सायन्सकोरच्या मैदानात, छत्री तलावाच्या रस्त्याला मुलेमुली धावताना दिसतील. त्यांतली फार थोडी हौसेने धावतात. बाकीची नोकरीसाठी धावतात. पोलीस शिपाई भरतीत अलीकडे मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याच्या आत संपवले तर २० पैकी २० गुण मिळतात. मुलींना ८०० मीटरसाठी तीच मर्यादा २ मिनिटे ५० सेकंदांची आहे. खुल्या वर्गाला वयाची २८ वर्षे आणि मागासवर्गीयांना ३३ वर्षे ही हद्द. म्हणजे एकीकडे सेकंदाचा काटा आणि दुसरीकडे वयाचा काटा, अशा दोन काट्यांमध्ये आपली मुले धावत असतात. अशा वेळी दुकानदार सांगतो की हा बूट घ्या, वेळ कमी होईल. बाप खिसा चाचपतो. त्या बापासाठी आणि त्या मुलामुलींसाठी हे व्याख्यान आहे.

अमरावतीला हा विषय परका नाही. आपल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. वैद्य बंधूंनी लावलेले हे रोप. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक सामने भरले, तेव्हा याच मंडळाचे पथक तिथे गेले आणि त्याने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली. त्याच बर्लिनमध्ये जेसी ओवेन्स या निग्रो मजुराच्या घरच्या धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली. त्याच्या पायात हेर्झोगेनाउराख या लहानशा जर्मन गावातल्या डासलर यांच्या कारखान्यात बनलेले, चामड्याचे, तळाला खिळे असलेले हलके बूट होते. पुढे डासलर बंधूंची फाटाफूट झाली आणि आदिदास व पुमा या दोन कंपन्या निघाल्या. आपल्या गावची माणसे आणि धावण्याच्या हलक्या बुटाचा इतिहास यांची गाठ त्या एका वर्षी, त्या एका गावी पडली होती.

आता कोणी म्हणेल, बूट कशाला हवा? अबेबे बिकिला या इथियोपियाच्या शिपायाने १९६० साली रोमच्या रस्त्यांवरून अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. आपल्याकडे कविता राऊत ही नाशिक जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई सामन्यांत रौप्य मिळवले. तीही लहानपणी अनवाणीच धावत असे. हे सारे खरे आहे. पण त्याच बिकिलाने चार वर्षांनी टोकियोला बूट घालून पुन्हा मॅरेथॉन जिंकली आणि रोमपेक्षा तीन मिनिटे कमी वेळात जिंकली, हेही तितकेच खरे आहे. थोर माणसांच्या पायांकडे बोट दाखवून आपल्या मुलांच्या पायांचा प्रश्न सुटत नाही. प्रश्न शास्त्राने सोडवावा लागतो.

शास्त्र काय सांगते ते पाहू. पायातले वजन हे पाठीवरच्या वजनासारखे नसते. घण उचलणाऱ्याला विचारा. तेच लोखंड दांड्याच्या मुळाशी धरले तर हलके वाटते आणि दांड्याच्या टोकाला गेले की खांदा भरून येतो. बूट हा पायाच्या टोकाला असतो आणि प्रत्येक पावलाला तो उचलावा, पुढे फेकावा आणि थांबवावा लागतो. १६०० मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांत धावणारा मुलगा सुमारे साडेनऊशे पावले टाकतो, म्हणजे एकेक पाय पावणेपाचशे वेळा उचलतो. एका बुटात शंभर ग्रॅम वजन जास्त असेल तर तेवढ्या वेळात एका पायाने जास्तीचे सत्तेचाळीस किलो उचलले. कापसाचा जवळजवळ अर्धा क्विंटल! दोन्ही पायांचे मिळून जवळपास एक क्विंटल.

याचा परिणाम घड्याळावर किती होतो, हेही मोजले गेले आहे. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अठरा धावपटूंच्या बुटांत, त्यांना कळू न देता, शिशाचे छर्रे भरून वजन वाढवण्यात आले आणि त्यांना ३,००० मीटर धावायला लावले. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की वेळ पाऊण टक्क्याहून किंचित जास्त, म्हणजे ०.७८ टक्के वाढला. हा हिशेब आपल्या १६०० मीटरला लावला तर ५ मिनिटे १० सेकंदांमागे फरक पडतो सुमारे अडीच सेकंदांचा.

अडीच सेकंद! श्रोतेहो, हा आकडा दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. ज्या मुलाची वेळ ५ मिनिटे १२ सेकंद आहे त्याला अडीच सेकंद म्हणजे पूर्ण गुण. त्याने हलका बूट अवश्य घ्यावा. पण ज्याची वेळ साडेसहा मिनिटे आहे त्याला कोणताही बूट सव्वा मिनिट मिळवून देणार नाही. त्याचे काम सहा महिन्यांच्या सरावाचे आहे, दुकानाचे नव्हे. बूट शेवटचे दोन-तीन सेकंद देतो, आधीची मिनिटे पायांनी मिळवायची असतात. एवढे एक वाक्य आजच्या व्याख्यानातून घरी नेले तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

मग जितका हलका तितका चांगला, असे समजायचे का? तसेही नाही. कोलोराडोच्याच प्रयोगशाळेत २०१२ साली दुसरा एक अभ्यास झाला. अनवाणी धावण्याची सवय असलेली बारा माणसे घेतली. त्यांना अनवाणी आणि हलक्या, मऊ तळाच्या बुटात धाववले. पायावरचे वजन सारखे केले तेव्हा बुटात धावताना शक्ती तीन ते चार टक्के कमी खर्च झाली. कारण उघड आहे. जमिनीचा धक्का कोणी तरी झेलायलाच हवा. तळ मऊ असेल तर तो झेलतो, तळ नसेल तर पोटऱ्या आणि मांड्या झेलतात, आणि त्या कामाची मजुरी शरीराकडून वसूल होते. म्हणून बुटातून वजन काढायचे, पण धक्का झेलणारा थर सगळाच काढायचा नाही. बूट करणाऱ्यांची सारी कारागिरी या एका तडजोडीत आहे.

ही तडजोड पूर्वी साधत नव्हती. आमच्या पिढीने शाळेत पी.टी.साठी कॅनव्हासचे पांढरे बूट घातले. वर सुती कापड आणि खाली रबराचा पातळ तळ. आपण वऱ्हाडातली माणसे, कापसाच्या विरुद्ध बोलणे जिवावर येते, पण खरे ते सांगितले पाहिजे. कापूस पाणी धरून ठेवतो. घामाने भिजलेला सुती बूट जड होतो, आत पाय घसरतो, आणि फोड येतात. आता वरचा भाग कृत्रिम धाग्याच्या जाळीचा असतो. त्यातून वारा जातो, घाम लवकर वाळतो आणि वजन कमी राहते. ज्या गावात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, त्या गावाला हा फायदा लहान नाही. तळाच्या बाबतीत १९७० च्या दशकात ई.व्ही.ए. नावाचा हलका फेसाळ पदार्थ आला. रबरापेक्षा कितीतरी हलका आणि तरीही धक्का झेलणारा. अलीकडे त्याहून हलके आणि उसळी देणारे फोम निघाले आहेत. त्यामुळे जाड तळ म्हणजे जड बूट हे जुने समीकरण आता राहिलेले नाही.

बाजारात गेल्यावर चार जातींचे बूट दिसतात. त्यांची ओळख करून घेऊ. पहिला रोजच्या सरावाचा बूट. एका बुटाचे वजन साधारण २६० ते ३०० ग्रॅम, तळ जाड, टिकाऊ. लांब आणि संथ धावण्याला तो चांगला. दुसरा वेगाच्या सरावाचा हलका बूट, साधारण २०० ते २५० ग्रॅमचा, तळ थोडा कमी आणि थोडा घट्ट. आजचा आमचा मुख्य विषय हाच. तिसरा शर्यतीचा सपाट बूट, २०० ग्रॅमच्या आत. तो फक्त शर्यतीच्या दिवशी आणि त्याआधीच्या काही सरावांत घालायचा. चौथा खिळ्यांचा बूट, ज्याला मुले स्पाइक म्हणतात. तो चांगल्या धावपट्टीवर काम देतो. रस्त्यावर आणि काँक्रीटवर तो पायाला आणि बुटाला दोघांनाही मारक असतो. भरतीच्या मैदानावर तो चालतो की नाही हे त्या वेळच्या सूचना वाचून ठरवावे. ऐकीव गोष्टीवर विसंबून ऐन वेळी बूट काढून धावण्याची पाळी आणू नये.

ज्याला एकच जोड परवडतो त्याने दुसऱ्या जातीतला घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणजे २२०-२५० ग्रॅमचा, तळ बोटभर जाड, टाच चवड्यापेक्षा सहा ते आठ मिलिमीटर उंच, आणि जिथे झीज होते तिथे, म्हणजे टाचेच्या बाहेरच्या कडेला आणि चवड्याखाली, खरे रबर लावलेला. अशा बुटात रोजचा सरावही होतो, वेगाचे फेरेही होतात आणि शर्यतही धावता येते. दोन जोड परवडत असतील तर पहिली आणि दुसरी जात घ्यावी, आणि आठवड्यातले दोन वेगाचे दिवस तेवढे हलक्या बुटाला द्यावेत.

आता दुकानात बूट कसा पाहावा ते सांगतो. दुकानात संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि धावतानाही तो फुगतोच. ज्या मोज्यांत धावणार तेच मोजे घालून जावे. दोन्ही पायांत बूट घालून उभे राहावे. पुष्कळांचे दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला बूट बसला पाहिजे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. टाच आत उचलली जाता कामा नये. आणि चवडा दोन्ही बाजूंनी मोकळा असावा.

हा चवड्याचा मुद्दा आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे. लहानपणी अनवाणी आणि चपलांत वाढलेला पाय पुढे रुंद होतो. बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांचे पाय मोजून २००९ साली हेच दाखवून दिले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर सुमारे एक लाख माणसांचे पाय मोजले, आणि त्यांनाही आपला पाय युरोपीय व अमेरिकी पायापेक्षा रुंद आढळला. त्यावरून भारतीय पायांसाठी 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचवली गेली. परंतु बाजारातले हलके बूट बहुतेक परदेशी साच्यावर बेतलेले, आणि शर्यतीचे बूट तर त्याहून अरुंद. म्हणून रुंद पायाचा मुलगा काय करतो? एक नंबर मोठा घेतो. मग चवडा सुटतो, पण टाच ढिली होते, आणि वळणावर पाय आतल्या आत सरकतो. त्यापेक्षा रुंद साच्याचा बूट मागावा. एका कंपनीचा बसला नाही तर दुसरीचा पाहावा. नंबर हा आकडा कंपनीगणिक बदलतो, पाय बदलत नाही.

काही दुकानांत पाय ओला करून कागदावर ठसा घेतात, तळपायाची कमान पाहतात आणि सांगतात की तुम्हाला अमुकच बूट लागेल. यावर मोठी परीक्षा झाली आहे, आणि तीही आपल्या मुलांसारख्याच नवशिक्या शिपायांवर. अमेरिकेच्या भूदलात, हवाई दलात आणि मरीन दलात हजारो नव्या भरतीच्या शिपायांना कमानीप्रमाणे निवडलेले बूट देऊन पाहिले, आणि इतरांना सरसकट एकाच प्रकारचे दिले. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. तेव्हा कागदावरच्या ठशापेक्षा पायाला काय वाटते ते विचारा. बूट घालून दुकानाबाहेर रस्त्यावर शंभर पावले धावा. कुठे टोचत नाही, कुठे घासत नाही आणि बूट पायात असल्याचे विसरायला होते, तोच आपला बूट. दुकानदार बाहेर धावू देत नसेल तर दुसरे दुकान गाठा. गाव मोठे आहे.

आणखी दोन परीक्षा. बूट हातात घेऊन वाकवून पाहा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये. नंतर तो काट्यावर ठेवा. शेजारच्या किराणा दुकानदाराला विनंती केली तर तो नाही म्हणणार नाही. डब्यावर किंवा जाहिरातीत लिहिलेले वजन एका ठरावीक मापाच्या एका बुटाचे असते, आपला नंबर मोठा असेल तर वजन जास्त भरणारच. नामांकित बुटाची नक्कल, जिला बाजारात 'फर्स्ट कॉपी' म्हणतात, ती बहुधा याच परीक्षेत उघडी पडते. नाव तेच असते, रंग तोच असतो, आणि काटा सांगतो की तळात भलताच माल भरला आहे.

आपल्या मातीचाही विचार केला पाहिजे. काळी माती पावसात कशी चिकटते हे वऱ्हाडात सांगायला नको. तळाला खोल खाचा असलेला बूट घालून ओल्या मातीत धावले की दोन मिनिटांत पायाला चिखलाचे गोळे बांधले जातात, आणि दुकानात वाचवलेले शंभर ग्रॅम मैदानात दुप्पट होऊन परत येतात. पावसाळ्यात डांबरी रस्ता किंवा मुरमाची पट्टी धरावी आणि तळाच्या खाचा उथळ असाव्यात. नुसता उघडा फोम असलेला तळ मुरमावर लवकर झिजतो. रबर थोडे जास्त असले आणि वीस ग्रॅम वजन वाढले तरी आपल्या गावात तो सौदा फायद्याचा आहे.

नवा हलका बूट आणला की दुसऱ्याच दिवशी त्यात दहा किलोमीटर धावायचे, हा उत्साह आवरला पाहिजे. हलक्या बुटाची टाच खाली असते, म्हणून पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला जास्त ताण पडतो. तळ पातळ असतो, म्हणून पावलाच्या लहान हाडांना धक्का बसतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अगदी पातळ तळाचे, बोटांना स्वतंत्र खण असलेले बूट दहा आठवड्यांत अंगवळणी पाडायला सांगितले होते. त्या बुटांच्या १९ धावपटूंपैकी १० जणांच्या पायांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. म्हणून पहिला आठवडा फक्त चारशे मीटरचे दोन-तीन फेरे, दुसऱ्या आठवड्यात थोडे अधिक, आणि महिन्याभरात पूर्ण वेगाचा सराव, असा क्रम ठेवावा. चाचणीला आठ दिवस राहिले असताना नवा बूट घेऊ नये. ज्या बुटात सराव केला नाही त्यात परीक्षा देऊ नये. पावलाच्या एकाच जागी बोट दाबल्यावर दुखत असेल आणि विश्रांतीनेही जात नसेल तर धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. वेळ सुधारता येते, मोडलेले हाड भरतीची तारीख पाहत नाही.

आता पैशाचा प्रश्न. कार्बनची पट्टी घातलेले, जाड तळाचे बूट आजकाल मुलांच्या मोबाइलवर रात्रंदिवस नाचत असतात. केनियाच्या एलिउद किपचोगेने २०१९ साली व्हिएन्नाला दोन तासांच्या आत मॅरेथॉनचे अंतर तोडले, तेव्हा त्याच्या पायात याच जातीचे बूट होते. या बुटांनी ताशी १४ ते १८ किलोमीटरच्या वेगाला सरासरी चार टक्के शक्ती वाचते, असे प्रयोगात दिसले होते. आम्ही ते नाकारीत नाही. पण ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वेगाला तो फायदा एक टक्क्याच्या आसपास उतरतो, माणसागणिक कमीजास्त होतो, किंमत वीस हजारांच्या घरात जाते, आणि तो फोम लवकर दबतो. शिवाय पस्तीस-चाळीस मिलिमीटरच्या उंच तळावर उभे राहून मातीच्या मैदानाची वळणे घेणे म्हणजे उंच टाचेवर फुगडी खेळण्यासारखे आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने तर १ नोव्हेंबर २०२४ पासून धावपट्टीवरच्या शर्यतींत तळाची जाडी २० मिलिमीटरवर आणून ठेवली आहे. रस्त्यावरच्या शर्यतीला ४० मिलिमीटरपर्यंत मुभा आहे. म्हणजे हा बूट मुळात लांब रस्त्याचा, आपल्या मुलांची परीक्षा आहे मैदानावरच्या चार फेऱ्यांची.

आमच्या संघटनेतले एक हमाल दादा गेल्या वर्षी आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, पोट्ट्याले बूट पाह्यजे, बारा हजाराचा. पतपेढीतून उचल द्या." आम्ही मुलाला बोलावले आणि तीनच प्रश्न विचारले. तुझी वेळ किती? रोज किती धावतो? आताचा बूट कुठे दुखतो? वेळ होती ५ मिनिटे ४० सेकंद. आताचा बूट दुकानदाराने एक नंबर लहान दिलेला, अंगठ्याचे नख काळे पडलेले. म्हणजे दुखणे मापाचे होते आणि औषध सांगितले जात होते कार्बनचे. आम्ही दादांना म्हणालो, उचल मागू नका. मुलाला घेऊन बाजारात गेलो आणि चोवीसशे रुपयांत २४० ग्रॅमचा, रुंद साच्याचा बूट घेतला. उरलेले पैसे मुळात नव्हतेच, म्हणून ते कर्जही झाले नाही. पाच महिन्यांनी त्याची वेळ ५ मिनिटे १४ सेकंद झाली. त्यातले दोन-तीन सेकंद बुटाचे असतील. बाकीचे त्याचे आहेत, आणि त्याच्या आईने पहाटे चार वाजता पेटवलेल्या गॅसचे आहेत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आणि त्यावरच्या किमतीला १८ टक्के लागतो. म्हणजे या आकड्याच्या अलीकडे थांबणाऱ्याला करातही सवड आहे, आणि आमच्या पाहण्यात वेगाच्या सरावाचे चांगले बूट याच पट्ट्यात मिळतात. मागच्या वर्षीचा नमुना नवा आला की जुना स्वस्त होतो, बूट तोच असतो. हलका बूट साधारण तीनशे ते पाचशे किलोमीटर काम देतो. तळाला सुरकुत्या पडल्या, एका बाजूला कलला, धावल्यावर पूर्वी न दुखणारी नडगी दुखू लागली की तो निवृत्त झाला असे समजावे.

आता एक गोष्ट भगिनींच्या बाजूची. भावाचा जुना बूट बहिणीला द्यायचा, ही आपल्या घरांतली काटकसर आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहतो. वापरलेल्या बुटाचा तळ त्या मुलाच्या पावलाप्रमाणे दबलेला असतो. मुलीची टाच बहुधा अरुंद असते, ती त्यात हलते. तिलाही ८०० मीटरला सेकंदच मोजतात, आणि तिलाही तीच वयाची हद्द असते. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने २०२४ साली पॅरिसला ३,००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत संपवली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्याच्या आधी २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये याच शर्यतीची अंतिम फेरी सातारा जिल्ह्यातल्या मोही गावच्या ललिता बाबरने गाठली होती, हेही घराघरांत सांगा. घरात एकच नवा जोड येणार असेल तर जिची परीक्षा आधी तिला तो आधी, हा न्याय असावा.

शेवटी एक सूचना मांडतो. एकेकट्या बापाने दुकानात जाऊन फसायचे आणि एकेकट्या मुलाने पायाला फोड आणून शिकायचे, हे कुठवर चालायचे? कामगाराने एकट्याने मागितले तर हात हलवत परत यावे लागते, दहा जण मिळून गेले तर मालक खुर्ची देतो. हाच अनुभव इथे वापरावा. आपल्या तालमींनी, वाचनालयांनी आणि मोहल्ल्यांतल्या मंडळांनी वर्गणी काढून हलक्या बुटांचे आठ-दहा जोड वेगवेगळ्या मापांत घेऊन ठेवावेत. धावणाऱ्या मुलामुलींनी ते मैदानावर घालून पाहावेत, आपले माप आणि आपली जात ओळखावी, भिंतीवर एक काटा आणि एक घड्याळ असावे. मग वीस-पंचवीस जणांनी एकदम खरेदीला जावे. भाव आपोआप उतरेल. गणपतीच्या वर्गणीतून मंडप उभा राहतो, तर त्यातल्या दहाव्या हिश्श्यातून हे सहज होण्यासारखे आहे. राजापेठेने सुरुवात केली तर बडनेरा आणि अकोला मागे राहणार नाहीत.

बूट हे हत्यार आहे. पायाला बसणारे, कामापुरते हलके आणि कर्ज न काढता घेता येणारे हत्यार आपल्या मुलांच्या हाती, नव्हे पायी देणे, एवढे आपल्या हातात आहे. धावायचे काम ती करतीलच.